पांढरी सहाचा हट्ट

नाही नाही, उघडू नका अजून, आधी ऐका तरी. हा कीबोर्ड माझा नाही, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा. मी पेटी शिकवते, चाळीस वर्षं झाली. ते हे वाजवतात, पुस्तकात बघून. महिन्यापूर्वी स्वतःची एक चाल घेऊन आले — बाई, ही कुठल्या पट्टीत आहे? आणि उत्तरही स्वतःच दिलं, सी मेजर, कारण एकही काळी पट्टी लागत नाही. आता तुम्हीच सांगा — तुम्ही काय सांगणार म्हणा, तुम्ही दुरुस्तीवाले — अहो, पट्ट्या पांढऱ्या असतील, पण चाल विसावते कुठे ते बघायचं. ही फिरफिरून येते पांढरी सहावर, म्हणजे सा पासून मोजत सहाव्या नव्हे, पेटीच्या पांढरी एकपासून सहाव्या पांढऱ्या पट्टीवर. हातच्या काकणाला आरसा कशाला? सा तिथे, आणि मग गंधार, धैवत, निषाद कोमल. आसावरी थाट झाला की नाही? पुस्तक चाळलं आणि म्हणाले, खरंच की, याला आमच्यात ए मायनर म्हणतात. लगेच मान्य केलं हो. पुरुषमाणूस आणि लगेच मान्य — मी दोन दिवस हवेत, शिकवणीच्या मुलींना एकच अलंकार तीनदा दिला.

पण शेवटची ओळ. ती ते पांढरी एकवर नेऊन संपवतात. म्हटलं, चालायचं नाही, आमच्यात सा एकदा धरला की मैफलीतून उठेपर्यंत तोच. ते म्हणाले, आमच्यात मधेच बदलतो आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तीन आठवडे हेच. भाऊ म्हणतो, ताई, एवढी भांडतेस तर बोलावतेस कशाला? काय सांगू त्याला — बासष्टाव्या वर्षी, आणि तेही पहिल्यांदाच. हसू नका. बरं हसा, मलाही येतंय.

परवा तर — हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण — मी म्हटलं, सा बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखं आहे. तर वाजवायचे थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग बदला ना. लग्न करून वर या राहायला." मी काय करावं? फडकं घेतलं आणि कीबोर्ड पुसत सुटले, सगळी बटणंबिटणं. म्हटलं, आधी गाणं तर होऊ दे. त्यांनी वाजवलं, मी गायले, आणि वरच्या सा'ला धाप लागली — तेव्हाच ठरवलं, वय झालं, नाही म्हणून टाकायचं. आज पाचला उत्तर द्यायचंय. सकाळी पेटीशी लावून पाहिला तर दोघांचा सूर जुळेना, म्हणून तुम्हाला बोलावलं.

काय? बिघडलेला नाही? या बटणाने सगळंच वर सरकतं? अख्खा एक स्वर? म्हणजे पुसताना मीच — म्हणजे परवा मी पांढरी सातला गायले, पहिल्यापासून शेवटपर्यंत? आणि मला, चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कान पिळणारीला, सा हलल्याचं कळलंही नाही. धाप लागली, पण गायले की हो.

अहं, दाबू नका ते बटण. राहू दे तसंच. उचला तुमची हत्यारं, जरा पटपट — जिन्यात पावलं वाजतायत, पाचाला अजून दहा मिनिटं आहेत आणि निघालेसुद्धा. जा तुम्ही. दार उघडंच ठेवा.