बाटलीतली काकवी

माझं माहेर अमळनेरजवळचं, धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर, कपाशीचं शेत, आणि आम्ही तिघी बहिणी, त्यात मीच काळी, इतकी की आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे हिला दिवसाही कंदील घेऊन शोधावं लागतं, बठ्ठे हसायचे आणि मीही हसायची. काय सांगू तुम्हाला, पोरगी तशी बरी होती, नाक सरळ, केस कमरेखाली, तेवढी अक्कल द्यायची देव विसरला.

रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची ते दिवस. धुळ्याहून, देवपुरातून, एक मास्तर मला बघायला येणार होते. आधीचे दोघे पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच, त्यामुळे मायचा जीव टांगलेला, हीसुद्धा जागा गेली तर पाठच्या दोघींचं कसं. शेजारची अक्का म्हणाली, पोरी, पंधरा दिवस तोंडाला मध लाव, माझी भाची दुधासारखी झाली. ती भाची मी कधी पाहिली नव्हती, तरी खरं मानलं.

मध घरात एकाच बाटलीत. माय वर्षभर खोकत होती, वैद्यांचं चूर्ण ती मधातून चाटायची, आणि सातपुड्यातून एक पावरा आदिवासी बाई बाजाराला यायची, तिच्याकडून आबा तो आणायचे. मी रोज दुपारी चोरायची आणि धाब्यावर चढून, तोंडाला फासून, चांगला मुरावा म्हणून उन्हात बसायची. उन्हात, बरं का. गोरं व्हायला. बाटली उतरायला लागली तशी मी तिच्यात काकवी ओतत गेले, रंग सारखाच. माय चाटायची, डोळे मिटायची, काही बोलायची नाही.

बघायच्या आदल्या दिवशी डोळ्याखाली गांधीलमाशी चावली. मास्तर आले, पाहते तर तव्यासारखे काळे, त्यांना कोणी मध लावायला सांगितलं नव्हतं. म्हणाले, डोळ्याला काय झालं. मी म्हटलं, माशी चावली. का चावली. मध लावला होता. मास्तर हसायला लागले. तिथेच होकार दिला. दाराआड माय खोकत होती.

पाहुणे गेल्यावर मी तिच्या पायाशी बसले, म्हटलं माय, तुझा मध मी नासवला. ती म्हणाली, माले म्हाईत शे, पहिल्या बोटालेच समजनं. मग बोलली का नाहीस. तर म्हणे, मी बी काळीच व्हतू, तुनी आजीनी जनमभर काळी म्हनीसन ऐकाडं, म्हटलं लावू दे, एखाद्यावेळी खरं बी व्हई.

हळद लागायच्या आधीच माय गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच खराब झाली होती, मधाने काही झालं नसतं. ते म्हणाले. मला तसं म्हणता आलं नाही.

मास्तरांनी सुखात ठेवलं, आता तेही नाहीत. नात माझ्याच रंगाची, मोबाईलमध्ये बघून तोंडाला मध लावते, म्हणते आजी, उजळतं का गं याने. मी म्हणते, माझ्याकडे बघ आणि तूच सांग. मग जवळ घेते, म्हणते सुखी राहा बाई, आहेस तशीच राहा.

मला खोकला झाला की सून मध आणून ठेवते. मी काकवी मागते. तिला वाटतं, म्हातारीला गुळाची आवड.