ईदच्या पहाटेची पाळी

मी मूळची फलटनची, पिंजाऱ्याची लेक. लगीन हून हिकडं रहिमतपूरजवळच्या या गावात आले. घरात गाद्या भरायचा धंदा. मालकांचा हात कापूस पिंजायच्या मशीनमदी गेला तवा थोरली पोरगी पाच वर्साची, काय सांगू तुमाला, डब्यात दाना न्हवता, पन नमाज सोडली न्हाई. मी म्हनायचे, ज्यानं चोच दिली त्यो चारा बी दील. दिला की! मशीन मीच चालवाय लागले.

मग बाईची जागा निघाली, लोकांनी मला सरपंच केलं. गावची रीत कशी, सरपंचाच्या आळीला पानी पहिलं, वरच्या वस्तीला उरलंसुरलं. मी म्हनलं, न्हाई, वरची वस्ती धरून तीन आळ्या, तीन दिस, पाळी कुनासाठी मोडायची न्हाई. वरच्या वस्तीतले फौजीमामा, मिलिटरीतनं पेन्शनीत आल्यालं, लय फटकळ मानूस, हसले. म्हनाले, आवं भाबी, समदे पयलं असंच म्हनत्यात.

आनि माजीच चूक झाली. रमजानचं रोजं तीस हुतील असं मी मोजलं, त्या हिशेबानं ईदच्या पहाटं आमचीच पाळी येत व्हती. आळीतल्या बायांना मीच सांगितलं, सतरंज्या धुवा, पिंपं रिकामी करा, ईदला ताजं पानी भरू. झालं काय, एकुनतिसाव्याच रोजाला चांद दिसला! ईद उद्या, पानी परवा. ईदची आंघोळ कशानं करायची? जाऊ तर माज्या अंगावरच आली, म्हनली, मोठी सरपंच झालीस, आपल्याच मानसांस्नी कोरडं ठेवलंस.

पानी सोडनारा संपत म्हनाला, वैनी, फिरवतू चावी, कोन बोलतंय. मी न्हाई म्हनलं. आज माज्यासाठी फिरली तर उद्या समद्यांसाठी फिरंल. पन आतनं लय घाबरले व्हते, खोटं कशाला बोलू. रातची इशाची नमाज पढले नि रडतच म्हनलं, या अल्ला, माजी अक्कल संपली, आता तू बघ.

नमाजाची चटई, मुसल्ला, गुंडाळतीया तवर दारात फौजीमामा. म्हनाले, भाबी, उद्याची पाळी आमची हाय नव्हं? मग ती आमी कुनाला बी दिऊ. उद्या तुमी भरा, परवा आमी भरतू. वस्तीतल्या बायांस्नी इचारूनच आलुया.

छातीवरची धोंड उतरली बगा.

आता माजी सरपंचकीची मुदत संपत आलीया. मशीन हाय, दोन येळचं मिळतंय. आज वरच्या वस्तीची पाळी हाय, संपत तिकडंच गेलाय. भरू द्या बिचाऱ्यांस्नी पोटभर.