गिऱ्ह्याची ओटी

ऐका. पुढं सरका जरा शेकोटीकडं. ज्याला भीती वाटते त्यानं मधे बसा, ज्याला वाटत नाही त्यानं कडेला, कोंडाकडं, त्या नदीतल्या डोहाकडं पाठ करून. बघा, सगळेच मधे घुसले! सरपंच, तुम्हीसुद्धा?

तर गोष्ट आपल्या यशोदेची. गावाला नळाचं पाणी सोडते तीच. तिच्या नणंदेचं, कुंदाचं, दुसऱ्या दिवशी लग्न. तीनशे पान! पण लग्न कसलं, टांगलेलं लग्न. आदल्या पावसाळ्यात अख्ख्या गावाला जुलाब लागले होते आणि तालुक्याच्या माणसांनी आपल्या पाण्याला लाल कार्ड दिलं होतं. व्याही म्हणाला, "लाल कार्डाच्या गावात मी वरात आणत नाही." मग यशोदेनं टाकी हातात घेतली. घासली, धुतली, रोज जंतू मारायची पावडर घातली. हिरवं कार्ड आलं, तेव्हा कुठं व्याही हसला. आता लग्नात एका पाहुण्याचं जरी पोट बिघडलं असतं ना, वरात तशीच मागं फिरली असती!

आणि नेमकी लग्नाच्या आदल्या दिवशी लाईट गेली, पंप बंद. आली ती जेवणं झाल्यावर. टाकी भरेपर्यंत मिट्ट काळोख. पहाटे पाणी सोडायचं, त्याआधी पावडर पडायलाच हवी. यशोदेनं बादली घेतली, टीसीएल पावडरची पुडी घेतली, ओटीची बाटली पदराला बांधली आणि निघाली. एकटी! कोंडाच्या वाटेनं!

ओटीची बाटली म्हणजे काय ते सांगतो. मी चौथीत तीनदा बसलोय, मला कळतं. पाण्यात थेंब टाकायचे. पावडर असली तर पाणी पिवळं होतं, हळद लागल्यासारखं. नसली तर कोरं. साहेबलोक त्याला म्हणतात 'ओटी'. खणानारळाची नव्हे हो रखमाकाकी, थेंबांची!

आणि कोंडात कोण राहतं? बोला की! नाव घ्यायला काय झालं? गिऱ्हा! पाण्यातलं भूत. कोणाचंही रूप घेतो, हाताला धरतो आणि बुडवतो. आता त्याचं पोट कशावर चालायचं? आपल्या पोटावर! गावाला जुलाब लागले की माणसं रात्री तांब्या घेऊन कोंडाकडं पळायची. एकेकटी. अंधारात. गिऱ्हा बसूनच असायचा. पावडर आली आणि त्याची उपासमार झाली. आणि उद्या तीनशे पाहुणे! तोंडाला पाणी सुटलं मेल्याच्या. आधीच पाण्याचा, त्यात आणखी पाणी!

यशोदा वाटेला लागते न लागते तो मागून हाक. "यशोदेऽऽ, नको गो ती पावडर! चहाला वास येतो!" आवाज अगदी रखमाकाकीचा. काकी, तोंड वाकडं करू नका, तुम्ही रोज हेच म्हणता. यशोदा म्हणाली, "वास आला तर नाक धरून प्या!" आणि मागं न बघता चालत राहिली.

वळणावर बघते तर सरपंच! हातात बॅटरी. "वहिनी, परत जा. पावडर मी टाकली."

यशोदा थांबली. दमलेली बाई, घरात लग्न. पाय वळला होता हो घराकडं! पण बघते तर सरपंचांच्या सदऱ्यातून पाणी निथळतंय. पाऊस नाही, काही नाही. आणि आमचे सरपंच त्या चढावर चढले कधी? फक्त फोटोला. तेही आधी खुर्ची वर पाठवून! ती म्हणाली, "टाकली असेल तर बरंच झालं. थेंब टाकून बघते."

वर गेली. टेकाडावरची ती बसकी टाकी. झाकण काढलं, पाणी घेतलं, थेंब टाकले. कोरं! सरपंच खोटं बोलला. आता तुम्ही म्हणाल, त्यावरून भूत कसं ओळखायचं? खरंय, त्यावरून कठीणच!

यशोदेनं बादलीत पावडर कालवली. साका खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. बसली वाट बघत. तोच गवत सळसळलं. आणि सासू आली! हातात तांब्या. "दमलीस गो माझी बाय. घरचं पाणी आणलंय, पी."

ऐकलंत? सासू! रात्रीची! चढ चढून! सुनेला पाणी! अहो, दुसरी कोणी असती तर इथंच पळत सुटली असती. पण यशोदेचा घसा कोरडा पडलेला. तांब्या ओठाला लागला. लागला! त्या पाण्याचा एक घोट पोटात गेला असता तर मुकाट्यानं कोंडात उतरली असती. पण हाताला सवय हो! सवयीनं हात पदराच्या गाठीकडं गेला. "आत्याबाई, थांबा. आधी ओटी करते."

ओटी! गिऱ्हा हरखला. आपल्या आज्या पूर्वी कोंडावर ओटी भरायच्या, नारळ सोडायच्या. नळ आला आणि तेही बंद झालं. त्याला वाटलं, आली की आपली आठवण! "कर गो, कर," म्हणत त्यानं आपणहून तांब्या पुढं धरला.

टप. टप.

कोरं!

"आमच्या घरच्या पाण्याला हळद लागते," यशोदा म्हणाली. "तू कोण रे?"

"माझा नारळ कुठाय?" गिऱ्हा किंचाळला.

आणि सासू सुटली, विरघळली! शेवाळाचे केस, बर्फासारखा हात. धरलं मनगट आणि ओढलं उताराला. पायाखालची माती सुटायला लागली. दुसऱ्या हातात बादली. ती त्याच्यावर फेकली असती तर तिथंच सुटली असती. पण मग टाकीत काय? पाहुणे काय पिणार? कुंदाचं काय? यशोदेनं टाकीच्या शिडीत पाय अडकवला, एका हातानं बादली काठावर टेकवली आणि वरचं निवळ पाणी आधी टाकीत ओतलं. सावकाश! भूत ओढतंय आणि ही साका न हलवता ओततेय! मग खाली उरलेला साका उचलला आणि फाडकन त्याच्या तोंडावर!

अरे काय शिंकला! आऽऽच्छी! शेवाळाचे केस पांढरेफटक. वरून यशोदेनं बाटली उपडी केली त्याच्या डोक्यावर. पिवळाजर्द! नवरीच्या आधी भुताला हळद लागली! "अगो, मी पिण्यालायक झालो गो!" म्हणून बोंबलत त्यानं कोंडात उडी टाकली.

पहाटे पाणी सुटलं. तीनशे पान उठलं. एकाचंही पोट बिघडलं नाही. रात्री तांब्या घेऊन पळालो तो मी एकटाच, पण त्यात दोष जिलब्यांचा, पाण्याचा नाही. व्याह्यानं तर जाताना दोन कळशा पाणी बरोबर नेलं! आणि खरी सासू? सुनेचा पराक्रम ऐकून तिनं आयुष्यात पहिल्यांदा यशोदेला पाणी आणून दिलं. यशोदेनं त्यातही थेंब टाकले!

तर पोरांनो, रात्री कोंडाच्या वाटेनं जाऊ नका. आणि गेलातच, नि कोणी तांब्या पुढं केला, सासू असो, सरपंच असो, अगदी मी असलो तरी... असो. घसा सुकला असेल तुमचा. हा घ्या तांब्या. घ्या की! काय हो रखमाकाकी, हात का मागं घेतला? काय म्हणालात? "आधी ओटी"?

शाब्बास काकी! यशोदे, आण गो बाटली. टप. टप. बघा, पिवळं! आता प्या पोटभर. आणि गप्प बसा जरा, कोंडाकडं कान द्या...

ऐकलंत? अजून शिंकतोय मेला!