सुरीवर कर वाक्य

दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी नवरा-बायको आणि त्यांची शाळकरी पोर बसली होती. त्यांची म्हातारी आत प्लास्टर काढायला गेलेली. गुडघे गेलेत माझे, कान नाही गेले.

“युसफुलला दुसरे शब्द सांग.”

“हेल्पफुल. हॅण्डी.”

“वाक्य कर.”

“माय ग्रॅनी इज व्हेरी हेल्पफुल.”

“आजी नको. सुरीवर कर.”

“का? सगळा स्वयंपाक तर आजीच...”

“करत होती. सुरीवर कर म्हटलं ना!”

“अगं, पोरीवर कशाला खेकसतेस? दादाशी बोललोय मी. हात सुधारला नाही, तर आईला शनिवारी तिकडे सोडू.”

“जाऊबाई ठेवून घेतायत! त्यांना काय लोणचं घालायचंय?”

तेवढ्यात म्हातारी हात छातीशी धरून बाहेर आली.

“काय म्हणाले डॉक्टर, आई?”

“मूठ वळायची नाही म्हणे आता. पण डावा धडधाकट आहे हो, सूनबाई. भांडी होतील, केर होईल. ती पिशवी दे बघू इकडे, मी घेते.”

“राहू द्या.”

“अगं दे, जड नाही मला.”

“मम्मी, मग आता आजीवर करू का वाक्य?”