घोट्यापर्यंतचा कोट

नवीन पनवेलच्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर माझ्या पुढे दोघी होत्या. एक आई, आणि काळा, झालरी-झालरींचा फ्रॉक घातलेली तिची कॉलेजातली मुलगी.

"हाच कोट घे, रुचिरा. घोट्यापर्यंत येतोय."

"आई, याच्याखाली सगळ्या झालरी चेपतात. मला कमरेपर्यंतचा हवाय. दिल्लीला मैत्रिणी तसेच घालणार आहेत."

"दिल्लीत थंडी असते. पाय झाकलेले बरे."

"लोकरीचे मोजे घेतलेत की."

"बरं, पण हा घरूनच घालून निघ."

"पनवेलमध्ये? घामाने भिजेन मी!"

"रिक्षात बसेपर्यंतच गं. खाली बिल्डिंगमधल्या बायका बसलेल्या असतात."

"म्हणजे हा थंडीसाठी नाहीच."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच बायकांना तू सांगितलंस, रुचिरा पुण्याला गेलीये. मी आतल्या खोलीत होते, आई. हाच फ्रॉक घालून. संक्रांतीला काळं चालतं, म्हणून तुझ्याबरोबर वाण द्यायला येणार होते."

"मला वाटलं, तुला झोप लागली."

"त्या जाईपर्यंत मी पंखासुद्धा लावला नाही. आवाज बाहेर येईल म्हणून."

"मॅडम, हाच पॅक करू ना?" काउंटरमागच्या विक्रेत्याने मध्येच विचारलं. " यात आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. टोपी ओढली की चेहरासुद्धा झाकतो."

"नको."

"मग कुठला दाखवू?"

"तिला विचारा. आणि भाऊ, हा आधी माझ्यासमोरून उचला."