नॉर्वेच्या समुद्रातलं घर

अहो, साधा बुधवार होता हो! काही व्हावं असा दिवसच नव्हता तो... सकाळी आंबोळ्या खाल्ल्या, दहाला कॉलेजात पोचलो, भूगोलाच्या मुलांना नकाशाचं ते मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर शिकवायचं होतं. पैसे नाहीत, परवाना नाही, कुणीही वापरा! तर प्राचार्य दारातूनच, "फुकट? मग व्हायरस असणार त्यात!" आता यांना काय सांगायचं?

तुम्हाला सांगतो, मुलांनी आठवडाभर हिंडून आपापल्या घरांची जीपीएस-नोंद आणली होती, नमुना म्हणून माझंही वालावलचं घर वेगळ्या फाईलीत घातलं, ऐटीत बटण दाबलं... आणि सिंधुदुर्ग रिकामा! एक घर नाही! गुरुदास ओरडला, "सर, आमचा घर खंय गेला?" शोधतोय, शोधतोय, तर सगळी घरं नॉर्वेच्या वर, थंडगार समुद्रात! रिया म्हणते, "रे गुरुदास, बापाशीक सांग, होडी घेवन जा थंय!" झालं काय, की जन्मभर आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणत आलो, त्याच ओघात मी आकडे दिले, आणि या सॉफ्टवेअरला रेखांश आधी लागतो! दुरुस्त करायला दोन क्लिक. दोनच! मुलांची घरं लगेच जागेवर आणली, माझं तेवढं राहिलं.

मधल्या सुट्टीत घरी बायकोला फोन केला. म्हटलं, नर्मदा, आपलं घर नॉर्वेला गेलं.

"मगे थंय बांगडे मेळतत काय?"

मिळत असतील.

"आणि माझ्यो कोंबड्यो?"

त्याही गेल्या.

हसली हो... किती हसली! "उद्या येतंय मी कॉलेजात, माका बघूचा आसा. तवसर हलवू नका हां!"

दुपारी पुन्हा फोन. मला वाटलं, आता माडांचं विचारणार! तर शेजारच्या सीताकाकी. "मास्तरांनू, बेगीन घराक येवा." एवढंच. पोचलो तर अंगणात माणसं, आणि कुणी माझ्याकडे बघेना. कोंबड्यांना दाणे टाकून ओट्यावर टेकली, ती टेकलीच. हृदय, म्हणाले डॉक्टर.

त्याला आता दोन वर्षं होतील. दर वर्षी नवी मुलं येतात, दर वर्षी कुणीतरी ओरडतं, "सर, तुमचं घर चुकलंय!" कळतं हो मला, भूगोल शिकवतो मी! प्राचार्य म्हणतात, "अहो, बाहेरचे परीक्षक येणार, काय म्हणतील?" परवा रिया आली होती भेटायला, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली, हळूच म्हणाली, "सर, मी करू? दोन क्लिक तर आहेत..." म्हटलं, नको गो, करतो मी. आजच करतो.

फाईल उघडतो ना, रोज उघडतो! एवढासा ठिपका, चहूकडे पाणी... दोन क्लिक हो, दोनच!

हलवलेलं नाही अजून.