भरतीच्या वेळेची झोप

पनवेलच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर गव्हाणचं कोळी जोडपं बसलं होतं, आनंदा आणि जनी.

"झोपेचं डॉक्टरला खरं सांगा. त्याबिगर प्रेशर उतरणार नाय."

"खरं सांगितलं तर होडी बंद करतील, जने."

"रोज एकाच टायमाला झोपा, बोललेत ते."

"भरती रोज पाऊण तास उशिरा येते. ती काय डॉक्टरला इचारून येते?"

"मंग किती तास सांगणार?"

"सात."

"घरात तीनच झोपता तुमी!"

"चार होडीत. पाळण्यागत हलते, लगेच डोळा लागतो."

"आन् जाळं?"

"ते बी झोपतं."

"आन् मी अख्ख्या बाजाराला सांगत फिरते, खाडीतलं मासं संपलं! उद्यापासून जाळं मी टाकीन. तुमी होडीत सातच्या सात तास झोपा, आन् डॉक्टरला खरं सांगा."